कॉलरमावशीचे दोन टाके

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात एकतीस वर्षं राबलेल्या बाईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांची ती कॉलरमावशी. जाड लोकरी कोटाला कॉलर बसवणं हे तिचं काम, आणि ते तिच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नसे. हात पुष्कळांनी मारून पाहिले. त्यांच्या कॉलरी आठवड्याभरात मान टाकायच्या. मावशीने बसवलेली कॉलर मात्र कोट विटला तरी ताठ. बाईचा स्वभावही तसाच आहे, असं लोक पाठीमागे म्हणायचे. तोंडावर म्हटलं असतं तरी तिला राग आला नसता.

कारखान्याची एक रीत होती. प्रत्येक कारागिराने आपल्या कामावर आतल्या बाजूने स्वतःची खूण टाचायची, म्हणजे कोट परत आला तर कुणाचा कान धरायचा ते कळावं. कुणाचा ठिपका, कुणाचं अक्षर. मावशी कामाला लागली तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने दोन टाके घातले, एक उभा आणि एक आडवा. क्रूस झाला. ती ख्रिस्ती घरातली, तिला दुसरं काही सुचलंही नसतं. पण बाई हाडाची काटकसरी. नुसत्या खुणेसाठी दोरा कशाला वाया घालवायचा? म्हणून ते दोन टाके ती मेण लावलेल्या दोऱ्याने मानेच्या अगदी मध्यावर घाली. तिथे कापडाचे सहा थर एकत्र येतात आणि मशीनची सुई कच खाते. कॉलर, आतलं कडक बक्रम आणि कोट टांगायचा बंद, तिन्हींना धरून ठेवणारे खरे ते दोन टाकेच. ही गंमत तिने एकदा जुन्या मास्तरांना सांगितली होती. मास्तर हसले, आणि पुढे दोन वर्षांनी वारले. बाकी सगळ्यांच्या लेखी ती फक्त खूण होती.

घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा. मावशीचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, पण नवराही दोन वर्षांत गेला आणि ती भावापाशी परत आली ती कायमची. भाऊ मोठा झाल्यावर तिनेच शब्द टाकून त्याला कारखान्यात इस्त्रीवर लावलं. चाळिशीच्या घरात आला तरी सकाळी त्याच्या शर्टाचं बटण तुटलं असेल तर ताई लावून देई, आणि लावताना चार शब्द सुनावल्याशिवाय राहत नसे. दोन खोल्या, खिडकीत पितळी समई नव्हे की फुलांची कुंडी नव्हे, सुया टोचलेली एक उशी, आणि भिंतीवर आईच्या हातचा लाकडी क्रूस. रविवारी दोघं लाकडाच्या वखारीमागच्या प्रार्थनाघरात जात. भाऊ गळ्याने गोड. मावशी बेसूर, पण आवाज सगळ्यात मोठा तिचाच. देवाने दिलेला गळा देवालाच ऐकवते, तुम्ही कान झाका, असं ती पुढच्या बाकावरच्यांना सांगे.

आता ज्यांना दुसऱ्याच्या देवाचीच फार काळजी असते, अशी माणसं सगळीकडे असतात. त्या शहराच्या समितीत ती जरा जास्तच जमली होती. आधी प्रार्थनाघरावरची पाटी उतरली. मग येणाऱ्यांची नावं लिहून घेतली जाऊ लागली. मग एक दिवस समितीने पहारेकऱ्यांसाठी सहाशे कोटांचं काम कारखान्याला दिलं आणि चारशे कोट शिवून झाल्यावर अट घातली की असल्या माणसांचा हात आमच्या कोटांना लागता कामा नये.

साहेबांनी कागद छापून घेतले. साहेब म्हणजे जुन्या मालकांचा पुतण्या. माणूस वाईट नव्हता, फक्त वारा येईल तशी पाठ फिरवणारा होता. कागदावर एकच ओळ होती: मी ख्रिस्ती नाही, प्रार्थनेला जात नाही, यापुढे जाणार नाही. खाली सहीची जागा.

“मावशी, कागदच तो,” साहेब म्हणाले. “सही करून टाका. मग घरात दार लावून तुम्ही काय करता ते बघायला कोण येतंय?”

मावशीने चष्मा लावला आणि ओळ दोनदा वाचली. अक्षरओळख तिला झाली होती ती त्या प्रार्थनाघरातच, वयाच्या तिसाव्या वर्षी, लहान पोरांच्या रांगेत बसून. ज्या घराने हातात अक्षर दिलं, त्याच अक्षरांनी त्या घराला मी ओळखत नाही असं लिहायचं. तिला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. एकतीस वर्षांची जागा होती ती, आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

“हे खोटं आहे,” ती म्हणाली. “खोट्याखाली माझं नाव नको.”

“आणि ती तुमची खूण. ती पण बदलावी लागेल.”

“खूण खुशाल बदला. उद्यापासून ठिपका घालते, आकडा घालते, तुम्ही म्हणाल ते. दोऱ्यात माझा देव बसलेला नाही. पण मी त्याची नाही, असं लिहून मागू नका.”

साहेबांना वाटलं, आता ही अर्धी वाकली. ते म्हणाले, “मग झालेल्या चारशे कोटांवरचे क्रूसही उसवून घेतो.”

“ते मात्र उसवू नका.” मावशी एकदम पुढे झाली. “त्या टाक्यांवर कॉलर उभी आहे. ते काढलेत तर बक्रम सुटेल, बंद निसटेल, आणि कोट अंगावर राहणार नाही.”

साहेब हसले. टेबलाभोवतीचे चारजण हसले. “बघा, आलं ना शेवटी देवावर,” साहेब म्हणाले. “मावशी, धर्माचं बोलायचं तर धर्माचं बोला. शिवणाच्या नावाखाली नको.”

ती कळकळीने सांगत होती शिवणातलं, आणि ऐकणाऱ्यांना ऐकू येत होता धर्म. मावशीने तीनदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने आपली कात्री, अंगठीसारखी बोटात बसणारी शिवणाची टोपी आणि मेणाचा गोळा पिशवीत घातला. जिना उतरताना तिने मनात एवढंच मागितलं: प्रभू, मला शूर वगैरे करू नकोस, फक्त या लोकांसमोर पाय लटपटू देऊ नकोस. पाय लटपटले नाहीत.

संध्याकाळी भाऊ आला तो खाली मान घालून. त्याने सही केली होती.

“ताई, एक तरी चूल पेटती राहायला नको का?” तो म्हणाला. “सही केली म्हणून देव काय लगेच माझं नाव खोडणार आहे?”

“देव नाही रे खोडत,” मावशी म्हणाली. “तूच खोडलंस.”

मग तिने पान मांडलं. त्याला वाढलं, त्याच्या ताटात नेहमीसारखं जास्तच वाढलं. आपलेच दात, आपलेच ओठ, चावणार कुणाला? पण नोकरी गेल्याचं दुःख एका बाजूला आणि हे एका बाजूला. ज्याला बोट धरून प्रार्थनाघराच्या पायऱ्या चढवलं, त्याने ते बोट स्वतः सोडवून घेतलं होतं. रविवारी ती एकटी गेली आणि त्याच्या रिकाम्या जागेकडे न बघता दुप्पट बेसूर गायली.

इकडे कारखान्यात चारशे क्रूस उसवले गेले. बाकीच्या दोनशे कॉलरी दुसऱ्यांनी बसवल्या, सफाईदार ठिपके घालून. कोट इस्त्री होऊन कारखान्याच्या गोदामात टांगले. लोकरी कोट म्हणजे ओलं घोंगडंच, वजनाला काही कमी नाही. तिसऱ्या दिवशी एकेक बंद निसटायला लागला. आठव्या दिवशी समितीचे मोठे गृहस्थ माल बघायला आले. साहेबांनी दार उघडलं तर निम्मे कोट जमिनीवर लोळत होते. गृहस्थांनी त्यातल्या त्यात बरा एक अंगात चढवला. कॉलर मागून अशी उघडली की आतलं बक्रम जिभेसारखं बाहेर आलं. गृहस्थ एवढंच म्हणाले की पंधरा दिवसांत कोट नीट हवेत, नाहीतर काम दुसरीकडे जाईल, आणि निघून गेले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

इस्त्रीच्या टेबलामागून भाऊ म्हणाला, “ताईने सांगितलं होतं.” सगळ्यांनी ऐकलं, आणि कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः मावशीच्या दारात. ती शेजारणीचा परकर दुरुस्त करत होती.

“मावशी, चला. ते दोन टाके परत घालायचेत.”

“कुठले दोन?” मावशीने मान वर केली नाही.

“तेच.”

“ते कसले होते म्हणालात तुम्ही?”

“क्रूसाचे.”

“हां. घालीन. कागदाचं काय?”

“कागद राहू द्या.”

“खणात राहू द्या, की राहूच द्या?”

“मागणार नाही, मावशी. समितीला मी बघून घेतो.”

“मग हे चार लोकांत बोला,” ती म्हणाली, आणि परकराची शिवण पुरी करूनच उठली.

साहेब चार लोकांत बोलले. पडलेल्या आवाजात, पण बोलले: मावशी ख्रिस्ती आहे, प्रार्थनेला जाते, रविवारी कामावर येत नाही, आणि कॉलरी तीच बसवेल. समिती पुढे काय करेल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशी आपल्या जुन्या स्टुलावर बसली, दोऱ्याला मेण लावलं, आणि पहिला कोट मांडीवर ओढला. एक उभा, एक आडवा. उसवणाऱ्यांच्या हातून कापडाला भोकं पडली होती, ती तिने आधी मुकाट्याने भरून घेतली.

तेवढ्यात भाऊ इस्त्री बाजूला ठेवून साहेबांपाशी गेला.

“साहेब, माझा कागद परत द्या.”

“अरे, तुला कुणी काही म्हटलंय का? तुझी जागा शाबूत आहे.”

“म्हणूनच,” भाऊ म्हणाला. “ताईची कॉलर तुम्हाला लागते. माझ्यासारखे इस्त्रीवाले छप्पन्न मिळतील. काढायचं तर काढा, पण तो कागद खोटा आहे. मी ख्रिस्ती आहे, आणि येत्या रविवारी मी गाणार आहे.”

साहेबांनी खण उघडून कागद शोधला आणि त्याच्या हातात दिला. भावाने तो चार घड्या घालून खिशात ठेवला आणि जाऊन ताईसमोर उभा राहिला, लहानपणी काही मोडून आल्यावर राहायचा तसा.

मावशीचे डोळे भरून आले होते, त्यामुळे सुई दिसत नव्हती. तिला अभिमानाने ऊर फुटेल की काय असं झालं होतं. एकतीस वर्षांत कुठल्या कॉलरीचा तिला एवढा अभिमान वाटला नव्हता.

“सुई ओवून दे,” ती म्हणाली. “आणि इस्त्री तापव. सहाशे कोट आहेत, आणि रविवारी आपल्याला सुट्टी हवी आहे.”