त्याच्यासाठी निवडलेली लाल गाडी

डिंगोऱ्याला मी सून म्हणून गेले तेव्हा नवऱ्याच्या खोलीत एका लाल गाडीचं कॅलेंडर होतं. वर्ष संपून गेलं होतं, तरी त्यानं ते उतरवलं नव्हतं. दोन दारांची, बिनछताची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी गाडी. माझा नवरा जुन्नर ते ओतूर जीपवर वडाप करायचा. दिवसभर माणसं कोंबून आणायचा आणि रात्री जेवताना त्या चित्राकडे बघत म्हणायचा, "ही एक दिवस आपल्या दारात उभी करणार."

मलाही गाडीचं वेड होतं, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती. दुपारी तो झोपला की धाकटा दीर मला खळ्यात जीप मागेपुढे करायला शिकवायचा. क्लच कुठं धरतो, कुठं सोडतो, हे मला लवकर कळलं. हात बसला.

एका रविवारी आम्ही जुन्नरच्या बाजाराला गेलो. नवरा गल्लीच्या तोंडाशी जीप उभी करून तंबाखू आणायला गेला आणि तिथंच गप्पा मारत थांबला. मागून एसटी आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागला, लोक माझ्याकडे बघायला लागले. मी सरकून स्टिअरिंगवर बसले आणि जीप नीट बाजूला घेतली. कुणाला धक्का लागला नाही, काही सांडलं नाही. एसटी निघून गेली.

नवरा आला तो थेट दार उघडून माझी वेणी धरून खाली ओढायला लागला. मी रस्त्यावर गुडघ्यावर पडले.

"बायकूनं माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई," तो भर बाजारात म्हणाला. "लई शानी झाली का?"

दोघंतिघं हसले. समोरची भाजीवाली मान खाली घालून मेथीच्या जुड्या लावत राहिली. त्या हसणाऱ्यांचे चेहरे मला आजही आठवतात.

त्या दिवसापासून दीरानं माझ्याशी बोलणं सोडलं. मग नवऱ्यानं गावात सांगायला सुरुवात केली की मी जीप लोकांच्या अंगावर घातली, मला झटके येतात. वर्ष पुरं व्हायच्या आत त्यानं मला जुन्नरला, माझ्या आईच्या दारात आणून सोडलं. आईला म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय हिच्या. तुमची तुमच्याकडं ठिवा." पुढं कोर्टातून सुटका झाली. त्यानं दुसरं लग्न केलं. मला मात्र दोन चांगली स्थळं आली आणि डिंगोऱ्यात चौकशी करून गप परत गेली. वेडी म्हणून माझं नाव त्यानं पक्कं करून ठेवलं होतं.

मी रडले, पण थोडे दिवस. मग मंचरला जाऊन रीतसर गाडी शिकले, परवाना काढला, शिकवायचाही परवाना काढला. जुन्नरच्या बसस्टँडजवळ मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं. माझ्या पायाशीही ब्रेक असलेली एक जुनी गाडी आणि दारावर पाटी. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्स, मुंबईला सासर असलेल्या मुली यायला लागल्या. पुरुष आधी लाजायचे, मग तेही आले.

काही वर्षांनी जरा हात सैल झाला तेव्हा मला रविवारची गाडी घ्यावीशी वाटली. आठवडाभर दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या चुकांवर ब्रेक दाबायचा, तर एक दिवस एकटीनं, मनासारखा वेग घेत घाटात जावं. आई म्हणाली, "चार माणसं बसतील अशी घे." मला चार माणसं नको होती. मला दोन दारांची, बुटकी, उघड्या छताची पाहिजे होती. असली गाडी चालवायला मजा येते हे खरंच होतं. पण दुसरं कारण डिंगोऱ्यात राहत होतं आणि ते मी आईला सांगितलं नाही.

आमच्या भागात असल्या गाड्या म्हणजे नवलच. जुन्या गाड्यांच्या नारायणगावच्या एका एजंटानं निरोप धाडला की मुंबईहून एक आली आहे. मी गेले. शेडमध्ये तीच उभी होती. म्हणजे कॅलेंडरातली नव्हे, पण तिची सख्खी बहीण वाटावी अशी. लाल, पॉलिश करून आरशासारखी केलेली. क्षणभर मलाही भूल पडली.

मी आत बसले. नवीन गालिचा, आणि अत्तराचा वास इतका, की मी दार उघडंच ठेवलं. एवढं अत्तर कशाला मारतात ते मला माहीत होतं. मी सीटबेल्ट ओढला. नेहमी ओढतो तेवढा नव्हे, शेवटपर्यंत. पट्ट्याचा आतला भाग मातकट होता, त्यावर आडवी रेघ. सीटखालचे बोल्ट गंजलेले, त्यांच्या खाचांत वाळलेला गाळ. त्या पावसाळ्यात मुंबईत घरंदारं पाण्यात गेली होती. ही गाडी सीटच्या वरपर्यंत बुडालेली होती. इंजिन आज चालू होईल, उद्या होईल, मग एकेक वायर सडत जाईल.

मी पट्टा हळूच आत जाऊ दिला.

एजंट म्हणाला, "ताई, लवकर काय ते सांगा. डिंगोऱ्याचं एक पावणं पण मागं लागलंय. वडापवालं. आता दोन जीपा हायेत त्यांच्या."

मी विचारलं, "कोण हो?" त्यानं नाव सांगितलं. ते नाव मी कितीतरी वर्षांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकत होते.

मी गाडीतून उतरले आणि शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "गाडी एक नंबर आहे. अशी परत मिळायची नाही. येत्या रविवारी मी न्यायला येते. कुणाला देऊ नका. त्या डिंगोऱ्याच्या पाहुण्यांना तर मुळीच नाही. त्यांना सांगा, जुन्नरच्या ड्रायव्हिंगवाल्या बाईंनी घेतली."

एजंट काय करणार हे मला ठाऊक होतं, आणि नवरा काय करणार हे तर फारच चांगलं ठाऊक होतं. शनिवारीच त्यानं गाडी उचलली. तपासायला मिस्त्रीसुद्धा नेला नाही. मी घ्यायच्या आत त्याला ती पाहिजे होती, बस्स. निरोप आला तेव्हा मी एका नर्सला रिव्हर्स शिकवत होते. मी तिला गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि पोटभर हसले. तिला वाटलं मी तिलाच हसतेय. तिची समजूत काढायला मला चहा पाजावा लागला.

माझी गाडी मला शिनोलीला मिळाली. तिथं शेतात घर बांधून राहिलेले एक निवृत्त साहेब होते. गुडघे गेल्यामुळे त्यांना बुटक्या गाडीत बसता-उठता येईना. रुपेरी रंग, छताचं कापड एका कोपऱ्यात शिवलेलं, दारावर ओरखडा. मी थंड इंजिन चालू करून बघितलं, गालिचे उचलून बघितले, पट्टे शेवटपर्यंत ओढले. भीमाशंकरच्या रस्त्याला चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती अशी खेचत गेली की शेजारी बसलेले साहेब म्हणाले, "आता तुम्हीच न्या हिला."

लाल गाडी डिंगोऱ्यात महिनाभर मिरवली. मग बनकरफाट्यावर बंद पडली, मग ओतूरच्या बाजारात. पोरं ढकलायची आणि विचारायची, "भाऊ, हिला पेट्रोल लागतं का माणसं?" दिवे आपोआप लागायचे, हॉर्न वाजायला लागला की थांबायचा नाही. एजंटाशी भांडण झालं, पण त्यानं गाडी परत घेतली नाही. शेवटी एका मिस्त्रीनं गालिचा फाडून त्याला गाळ दाखवला.

त्यानंतर तो माझ्या स्कूलवर आला. पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते. मी खुर्ची दाखवली. तो बसला नाही.

"तू आत बसून बघितली व्हती ना ती?"

"बघितली होती."

"मग तुला कळलं असंल."

"कळलं होतं."

"आन् तरी चांगली हाय म्हनालीस?"

"वेडीच्या बोलण्यावर तुम्ही गाडी घेतलीत, त्याला मी काय करू?"

त्याचा हात वर आला. बाकावर शिकायला आलेल्या तीन बायका बसल्या होत्या. त्या तिघीही उठून उभ्या राहिल्या. त्यानं हात खाली घेतला, पाटीकडे बघितलं आणि गेला. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग दर रविवारी मी माळशेजकडे जाताना मुद्दाम हमरस्ता सोडून डिंगोऱ्याच्या आतल्या रस्त्यानं जायला लागले. तिथून जायचं काहीच कारण नव्हतं. छत उघडं, केस मोकळे. त्याच्या अंगणात लाल गाडी ताडपत्रीखाली पडलेली, तिच्यावर कोंबड्या. मी न थांबता निघून जायची.

एका रविवारी बघते तर त्याच्या दारासमोर रस्त्यावर नवाकोरा गतिरोधक. घराच्या बांधकामातलं उरलेलं सिमेंट वापरून त्यानं स्वतःच घातला होता, चांगला वीतभर उंच. माझ्या गाडीचं पोट घासावं म्हणून. तो ओट्यावर बसून वाट बघत होता.

मी गाडी तिरकी घेतली, पहिल्या गिअरमध्ये, एकेक चाक अलगद चढवत. पोट घासलं नाही. वेळ मात्र पुष्कळ लागला. तोवर आजूबाजूच्या बाया दारात आल्या, शेजारची म्हातारी काठी टेकत कुंपणापर्यंत आली आणि एकीनं विचारलं, "बाई, आमाला शिकवशील का?"

"या की जुन्नरला," मी म्हणाले, आणि उतरतं चाक आणखी सावकाश सोडलं.