न पुसलेला वस्तरा

बाबांनी वस्तरा माझ्यापुढे ठेवला तेव्हा तो उघडेचना. पातं गंजून मुठीच्या आतच चिकटून बसलं होतं. "शिलाई मशीनचं तेल सोड आणि थांब. जोर केलास तर मूठ तडकेल," एवढं सांगून ते पुन्हा गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. आई गेल्यापासून ते माझ्याकडे वाघोलीला राहत होते, आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःहून काही बोलले होते.

निवृत्तीनंतर जुने वस्तरे आणून त्यांचा गंज काढणं हा बाबांचा नाद होता. रविवारी जुन्या बाजारातून पिशवीत काहीतरी तांबडं, खरबरीत घेऊन यायचे. आई दारातच म्हणायची, "आणलंत आणखी एक भंगार? घरात आहे तेवढं पुरत नाही वाटतं." बाबांना त्या वेळी बरोबर कमी ऐकू यायचं. मी शेजारी बसून बघत असे, त्यामुळे काम मला येत होतं. पण हा वस्तरा बाजारातला नव्हता. बाबा रोज सकाळी दाढी करायचे तो हा.

"तुमच्या या टँकरच्या पाण्याने वाट लागली त्याची," ते खुर्चीतून म्हणाले. "आपल्या घरच्या खडकवासल्याच्या पाण्यात इतकी वर्षं डाग पडला नव्हता."

वाघोलीचं पाणी त्या वस्तऱ्याला लागलंच नव्हतं. तो कशाने गंजला हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या सकाळी बाबांची अर्धी दाढी झालेली असताना आई स्वयंपाकघरात कोसळली. बाबांनी वस्तरा होता तसाच, फेसासकट मिटून खिडकीत टाकला आणि धावले. इस्पितळात त्यांच्या उजव्या गालावरचा फेस वाळून गेला होता. संध्याकाळी आई गेली. सुतकात दाढी करत नाहीत, म्हणून दहाव्यापर्यंत बाबा तसेच राहिले, एका गालावर खुंट कमी आणि दुसऱ्यावर जास्त. भेटायला येणारे लोक त्यांच्याकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. घाटावर क्षौर झालं, ते शेवटचं. नंतर बाबांनी कुणाला गालाला हात लावू दिला नाही.

आणि आता वर्षश्राद्ध जवळ आल्यावर त्यांना वस्तरा हवा होता. कशाला, विचारलं तर ताकास तूर लागू देईनात. "वस्तऱ्याने माणूस काय करतो?" एवढंच.

मला भीती वाटत होती. मध्यंतरी एकदा चहा पिता पिता ते अगदी सहज म्हणाले होते, "माझं आता इथे काही काम उरलेलं नाही." त्यांनी चिडून किंवा रडून म्हटलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. त्या आठवड्यात मी त्यांच्या झोपेच्या गोळ्या माझ्या कपाटात ठेवल्या आणि रोजची एक हातात देऊ लागले. त्यांनी कारण विचारलं नाही. अशा माणसाला मी पातं चकचकीत करून द्यायचं? नाही द्यावं, तर त्यांनी इतक्या महिन्यांत मागितलेली ही पहिली गोष्ट होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेल मुरल्यावर वस्तरा उघडला. आत वाळलेल्या साबणाचा पापुद्रा होता आणि त्याखाली गंज. खोडरबरावर पॉलिश पेपर गुंडाळून, तेलाचा थेंब सोडत मी घासायला बसले. पाठीकडून धारेकडे जायचं, उलट कधीच नाही, नाहीतर बोट जातं. वरचा लाल गंज लवकर सुटतो. काळा आत शिरलेला असतो, तो हटत नाही, आणि फार मागे लागलं तर पातंच झिजतं. मी मात्र मुद्दाम मागे लागत होते, तेवढेच दिवस जावेत म्हणून. ऑफिसमधून आल्यावर थोडं घासायचं आणि ठेवून द्यायचं.

"रुखवतात मांडायचाय का तो?" बाबांनी एकदा विचारलं.

शेवटी घासायला काही उरलं नाही. दोनचार काळे ठिपके सोडले तर पातं स्वच्छ झालं होतं. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी उजेडात धरला, मग मनगटावरच्या केसांवरून फिरवला. एकही केस कापला गेला नाही.

"गंज छान काढलास," ते म्हणाले. "धार लावली नाहीस."

मी पॉलिश पेपरचे तुकडे गोळा करू लागले.

"भीती वाटते तुला."

"हो," मी म्हटलं. मला रडू आलं.

त्यांनी वस्तरा मिटून माझ्या मांडीवर ठेवला. "मलाही वाटते. म्हणून तर तुझ्याकडे दिला. नाहीतर गंज मला काढता येत नव्हता का?" मग म्हणाले, "पाण्याचा काही दोष नव्हता गं. मीच पुसला नाही."

मी त्यांच्यासमोर दगडावर धार काढली आणि चामडी पट्ट्यावर वस्तरा परजला. वाढलेली दाढी आधी कात्रीने उतरवली. मग फेस लावला. बाबा स्टुलावर डोळे मिटून बसले आणि त्यांनी आधी उजवा गाल पुढे केला. त्या दिवशी तोच राहिला होता. गळ्यापाशी आले तेव्हा त्यांनी हनुवटी वर केली आणि मी संपवेपर्यंत हलले नाहीत.

दाढी झाल्यावर मी वस्तरा कोरडा पुसला, तेलाचं बोट फिरवलं, आणि त्यांच्या देखत माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"बरं केलंस," बाबा म्हणाले.