नखभर खाच

आमचे भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, सुतार. लाकडाच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाई मेहुण्यावर जळते. जळते, पण त्यांच्या कामावर नाही.

ते सरकत्या झाकणाच्या छोट्या पेट्या करायचे. तीन भिंतींना आतून बारीक खोबण, पुढची भिंत जराशी बुटकी आणि खोबणीतून सरकणारं पातळ झाकण. ऐकायला सोपं आहे. पण झाकण केसभर जाड राहिलं तर अडतं आणि केसभर जास्त तासलं तर खुळखुळतं. भावोजी रंध्याचा एक हात मारायचे, झाकण घालून बघायचे, काढायचे, पुन्हा एकच हात मारायचे. शेवटी खोबणीत मेण चोळलं की ते टक् करून असं बसायचं की ही पेटी आहे की नुसता ठोकळा, ते कळू नये. उघडायला अंगठा सपाट दाबून जोरात ढकलावं लागे. बाकीचे सुतार तिथे बोट अडकवायला खाच करतात. भावोजी करत नसत. कोणी मागितलीच तर म्हणायचे, "खाच पाहिजे तर प्लॅस्टिकचा डबा घ्या."

ताईची बोटं संधिवाताने आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती. त्यात छातीचं दुखणं मागे लागलं. डॉक्टरांनी बारक्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की कळ आली की लगेच एक जिभेखाली ठेवायची, वेळ घालवायचा नाही. ताई त्या एका प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायची. "सुताराच्या घरात प्लॅस्टिक?" म्हणून भावोजींनी ती डबी फेकून दिली आणि दोन दिवस खपून तिच्यासाठी पेटी केली. पेटी देखणी होती, खोटं कशाला बोलू!

ताई म्हणाली, "अहो, माझा अंगठा वळत नाही. नखभर खाच करा ना."

"चांगल्या चेहऱ्यावर डाग पाडू? सवयीने जमेल."

जमलं नाही. आणि तिला न जमणं हाच त्यांचा खेळ झाला. पाहुणे बसले की तिला आतून बोलावून घ्यायचे, "अगं, तुझी पेटी आण, दाखव उघडून." ती अंगठ्याने, मग तळहाताने, मग कोपराने झटायची. "ही बघा सुताराची बायको!" भावोजी म्हणायचे आणि सगळे हसायचे. एकदा मीही हसले. त्याची मला आजही लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

मग ताईने तोड काढली. कोणी पेटी उघडून दिली की ती झाकण बोटभर उघडंच ठेवायची. भावोजी येता-जाता ते लोटून द्यायचे. टक्. "उघडं ठेवलं की झाकण वाकतं." मला वाटायचं, माणूस शिस्तीचा आहे, हाताची सवय असेल. एकदा मात्र मी नीट पाहिलं. त्यांनी आधी ताईकडे बघितलं, ती बघतेय याची खात्री करून घेतली, आणि मग लोटलं.

एका दुपारी मी गेले तेव्हा ताई स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. घामाने भिजलेली, ओठ काळेनिळे. झाकणाची कड दातांत धरून ती ओढत होती. शेजारच्या खोलीत रंधा चालू होता. मी पेटी हिसकावली, उघडली, गोळी तिच्या जिभेखाली सारली आणि किंचाळून भावोजींना बोलावलं. जीव जरा ठिकाणावर आल्यावर ती म्हणाली, "मी मारली होती गं हाक. जमेल, जमेल म्हणाले."

तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. ती वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे कपडे न्यायला मी घरी गेले. भावोजी टेबलाशी बसून पॉलिश पेपरने झाकण घासत होते. मला वाटलं, आता तरी विचारतील, कशी आहे म्हणून.

"बघितलंस?" ते म्हणाले. "दात लावलेत. एवढं साफ झाकण!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "खाच करा. आत्ता, माझ्यासमोर."

"नाही करणार."

मी पेटी ओढून घेतली आणि टेबलावरची पटाशी उचलली. जन्मात कधी पटाशी धरली नव्हती. दोनदा घसरली, बोट कापलं, तिसऱ्यांदा झाकणाचा टवका निघाला. ओबडधोबड होती, पण खाच होती. ते उठले नाहीत की ओरडले नाहीत. "बिघडवलीस," एवढंच म्हणाले आणि हातातला पॉलिश पेपर घडी घालून ठेवला.

दवाखान्यात ताईने पेटी मांडीवर घेतली, वाकडं बोट खाचेत घातलं आणि ओढलं. झाकण सरकलं. तिने बंद केलं, पुन्हा उघडलं. मी इतकी खुशीत होते की तिच्या चेहऱ्याकडे बघायचंच राहून गेलं.

"हे तू केलंस?"

"मग कोण करणार?"

"त्यांच्यासमोर?"

"अगदी समोर. बसले बघत. काय करणार होते?"

तिने झाकण लावलं आणि पेटी माझ्या पिशवीत, कपड्यांच्या खाली सारली.

"ही तू घेऊन जा," ती म्हणाली. "तू तुझ्या घरी जाशील गं. मला तिथेच जायचंय."