न चालवलेल्या गिअरबॉक्सवर आग्नेलचा पंच

१३ जानेवारीला माझ्या मेलेल्या भावाने एक गिअरबॉक्स पास केला.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता आम्ही त्याला सांडोरच्या दफनभूमीत ठेवत होतो.

आग्नेल. माझा धाकटा भाऊ. वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये खाणींचे मोठाले गिअरबॉक्स दुरुस्त होतात, तिथे टेस्टिंग त्याच्याकडे होतं. हार्ट अटॅकने गेला. आज चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली.

त्याचं काम थोडक्यात सांगते.

खाणीतून कोळसा वर आणणारा पट्टा चढावर असतो. भरलेल्या पट्ट्याची वीज गेली की तो मागे घसरतो. घसरू नये म्हणून गिअरबॉक्सला एक अडसर असतो, बॅकस्टॉप. तो निकामी असेल तर सगळा कोळसा खाली उभ्या असलेल्या माणसांवर.

म्हणून आग्नेल प्रत्येक गिअरबॉक्स दिवसभर लोडवर चालवायचा, मग उलटा ओढून बघायचा. अडसराने धरला, तरच स्वतःच्या नावाच्या दोन अक्षरांचा पंच लोखंडावर ठोकायचा.

गावच्या सणालासुद्धा उशिरा यायचा. मी ओरडायचे, "रस्सा थंड झाला!"

"बाय, रस्सा परत चुलीवर ठेवता येतो. तिथे पट्टा सुटला तर काय चुलीवर ठेवू?"

आज मिस्सेनंतर त्यांचा फोरमन भेटला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "मॅडम, अंकलच्या फ्युनरलच्या दिवशी जो माल गेला ना, त्यावर आम्ही अंकलचाच पंच मारला. शेवटची आठवण म्हणून."

"चालवला होता?"

"त्या दिवशी सगळे इथेच होतो ना मॅडम. परत गेलो तर ट्रक दारात उभा होता."

म्हणजे नाही.

नन्सनी मला शाळेत शिकवलं होतं, दुसऱ्याची सही करणं हे खोटं बोलणंच, अक्षर कितीही सुंदर काढा. या लोकांनी खोट्याला हार घातला आणि त्याला श्रद्धांजली म्हणाले.

फोरमनकडून नंबर घेऊन मी त्या खाणीत फोन लावला. मेंटेनन्सचे साहेब सभ्य निघाले. गिअरबॉक्स अजून पेटीत आहे, सोमवारी शटडाऊन घेऊन बसवणार.

म्हटलं, बसवू नका, तो टेस्टच झालेला नाही.

"पण मॅडम, त्यावर आग्नेल सरांचा पंच आहे. तो असला की आम्ही पेटी उघडतो आणि सरळ बसवतो. इतकी वर्षं तसंच करतोय."

"अहो, मी त्याची सख्खी बहीण सांगतेय. तो तेव्हा शवपेटीत होता!"



"वाईट वाटलं मॅडम. पण बहिणीच्या फोनवर शटडाऊन कसा थांबवू? वर्कशॉपने लेखी द्यावं, मी लगेच थांबवतो."

आग्नेलच्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास, की माझ्यावर बसेना.

मग वर्कशॉपच्या मालकांना फोन केला.

"मॅडम, पोरं भावुक झाली होती. आणि लेखी कशाला? आपण घरचीच माणसं."

घरची माणसं! त्या पट्ट्याखाली उभे राहतात त्यांनाही घर आहे.

मालक, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. काल आग्नेलच्या फोटोखाली हात जोडलेत. आता तेच हात लिहायला वापरा.

खाणीला पत्र द्या की हा गिअरबॉक्स टेस्ट न होता गेला, बसवू नये, आम्ही परत आणून पूर्ण लोडवर चालवतो. त्याची प्रत मला. आणि यापुढे पास करणाऱ्याने स्वतःचा पंच मारावा. आग्नेलचा पंच माझ्या घरी पाठवा.

तुमचा मोठा हार मिळाला, सुकलाही. आता भावना पुरेत.

आग्नेल, तू नीज बाबा. तुझ्या नावावर कुणी मरणार नाही, ते मी बघते.

मालक, मला लेखी उत्तर हवं. लेटरहेडवर, सहीनिशी. शनिवार, १४ फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत.