टीव्हीवरची विभूती

आमच्या घरात यंत्रांवर चिडायचा मक्ता माझ्याकडे आहे. मिक्सर, गिझर, स्कूटर, कशाशीही माझं वाजतं. बायको म्हणते, समोरचं उलटून बोलत नाही म्हणून तुमचं फावतं. त्या रविवारी मी कॉम्प्युटर टीव्हीला जोडायला बसलो, तेव्हा मात्र ती सगळी यंत्रं मिळून माझ्याशी उलटून बोलली.

हे सगळं अप्पांसाठी चाललं होतं. अप्पा म्हणजे माझे वडील. मंगळवेढ्याचं भुसार दुकान बंद करून ते आणि आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर राहायला आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अप्पांना सिनेमाचा भारी नाद. दुकानाचा माल भरायला सोलापूरला आले की काम उरकून एक खेळ बघायचे आणि मगच परतीची एसटी धरायचे. एखादा फार आवडला तर पुढच्या खेपेला अव्वाला घेऊन यायचे. पुढे व्हीसीडी निघाल्या तशा त्यांनी पिशवी भरून व्हीसीडी जमवल्या. त्यांचा प्लेअर मोडला तेव्हा माझ्या मुलीनं पुण्याला नोकरीला जाण्याआधी त्या सगळ्या आपल्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवल्या. तो कॉम्प्युटर आतल्या खोलीत, आणि अप्पा दुपारी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे.

त्यात त्यांचा एक सिनेमा होता. एक तालेवार म्हातारा आपल्याच जावयाला चोर ठरवून घराबाहेर काढतो, आणि शेवटी भर पंचायतीत खरं काय ते बाहेर येतं. सगळे बोलतात, ओरडतात, पण सासरा एक अक्षर बोलत नाही. पडद्यावर नुसतं त्याचं तोंड. अप्पा म्हणायचे, सिनेमा म्हणजे तेवढाच, बाकीचं सगळं आपलं लोकांना खुर्चीत बसवून ठेवायला. ते तोंड बघायला त्यांनी हा सिनेमा किती वेळा बघितला असेल याला मोजदाद नाही. दसरा झाल्यावर एक दिवस जेवताना ते मला म्हणाले, "त्या डबड्यावर सासऱ्याचं तोंड दिसंना झालंय. टीव्हीवर लावता आलं तर बघ की."

अप्पा कधी काही मागत नाहीत. चष्म्याची काडी मोडली तर दोरा गुंडाळून चालवतील, पण सांगणार नाहीत. त्यामुळे त्यांनी तोंड उघडून मागितलेली ही गोष्ट मला द्यायचीच होती. मी ऐटीत म्हणालो, त्यात काय, एक वायर तर जोडायची, रविवारी दहा मिनिटांत लावतो.

आधी सोपा मार्ग बघितला. सिनेमा पेन ड्राइव्हवर घेतला आणि टीव्हीला लावला. टीव्ही म्हणाला, ही फाइल चालत नाही. आमचा टीव्ही मोठा आहे, चित्र झकास आहे, पण तो स्मार्ट निघायच्या आधीचा. मोबाइलवर शोधलं तर हा सिनेमा कुठं नव्हताच. म्हणजे आतला कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नेमका रविवारीच पाणी यायचा दिवस निघाला. बायको पिंपं, बादल्या, पातेली भरायच्या गडबडीत, आणि मी धुळीनं माखलेला तो कॅबिनेट पोटाशी धरून पॅसेजमधून येतोय. पाइपवरून पाय घसरता घसरता राहिला. ती म्हणाली, आज पाणी आलंय हे तुम्हाला दिसतंय का? मी म्हणालो, दिसतंय, पायाखालीच आहे.

टीव्ही भिंतीला ठोकणाऱ्यानं तो भिंतीला असा चिकटवून ठेवलाय की मागं कागदसुद्धा जाणार नाही. आणि केबल खुपसायची भोकं सगळी मागं. हे ज्यानं कुणी बनवलं त्यानं कधी स्वतःच्या घरात टीव्ही लावला नसावा. गाल भिंतीला टेकवून बोटांनी चाचपडायचं, मोबाइल मागं सरकवून फोटो काढायचा, फोटोत नुसता अंधार, पुन्हा चाचपडायचं. नव्या केबलचं टोक सरळ धरलं तर बसेना, उलटं धरलं तर बसेना, पुन्हा सरळ धरलं तर बसलं. माझ्या बोटांची सालं निघाली.

अप्पा सकाळीच अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, धुतलेला नेहरू शर्ट घालून हॉलमधल्या आपल्या खुर्चीत येऊन बसले होते. थिएटरला निघाल्यासारखे. अव्वा शेजारी लसूण सोलत होती. मधूनमधून अप्पा विचारायचे, "झालं काय?" त्यांच्या त्या विचारण्यानं मी जास्त घायकुतीला यायचो. दहा मिनिटांचं काम म्हणून सांगून बसलो होतो ना.

केबल जोडली, कॉम्प्युटर चालू केला. टीव्हीवर निळा पडदा आणि त्यावर भटकणारी पाटी, नो सिग्नल. रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून सगळे सोर्स पालथे घातले. नो सिग्नल. केबल बदलून आणायला स्कूटरवर बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, केबलमध्ये काही नाही साहेब, तरी न्यायची तर न्या. ती आणली. नो सिग्नल. आता त्या पाटीचाही मला राग यायला लागला, कारण ती एका जागी थांबत नव्हती. शेवटी मुलीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पप्पा, कॅबिनेटच्या मागं तशी दोन भोकं आहेत, तुम्ही वरच्यात लावली असणार, खालच्या आडव्यात लावा. मी खालच्यात लावली. टीव्हीवर कॉम्प्युटर दिसायला लागला. सकाळ संपून गेली होती आणि माझी चूक एक वीतभर खाली होती.

तरी आनंद झाला. सिनेमा लावला. चित्र टीव्हीवर, आवाज मात्र कॉम्प्युटरच्या फुटक्या स्पीकरमधून. पुन्हा फोन. आवाज कुठून यावा हेही त्याला वेगळं सांगावं लागतं, असं मुलगी म्हणाली. म्हटलं, चित्र जिथं तिथं आवाज, एवढीही अक्कल त्याला नाही? ते सांगितलं तर पडद्याच्या कडा कापल्या जायला लागल्या. माणसं उभी राहिली की कपाळापासून वर गायब, आणि फेटे तर कुणाचेच दिसेनात. त्याचीही कुठंतरी सेटिंग होती. ती सापडेपर्यंत भाकरी गार झाली, ऊन बाल्कनीतून हॉलमध्ये आलं, आणि बायकोनं माझ्याशी बोलणं सोडून दिलं.

एकदाचं सगळं जागेवर आलं. चित्र मोठं, आवाज स्वच्छ, फेट्यांसकट माणसं. मी घाम पुसत अप्पांना विचारलं, कसं वाटतंय?

अप्पा म्हणाले, "चांगलं हाय. जरा काळपट वाटतंय तोंडापाशी."

मी पडदा ओढून ऊन अडवलं. टीव्हीचा उजेड वाढवला. अप्पा म्हणाले, अजून वाढव. आणखी वाढवला, माणसं पिठात लोळल्यासारखी दिसायला लागली. तरी त्यांचं समाधान होईना. मग कॉन्ट्रास्ट, मग रंग, मग परत मूळपदावर. प्रत्येक वेळी मी विचारायचो आणि ते पाहुण्यांच्या घरी जेवताना म्हणावं तसं म्हणायचे, बरं हाय, पण जरा... त्या "पण जरा"नं माझ्या डोक्याच्या शिरा ताणल्या. मला ते चित्र लख्ख दिसत होतं. मिशीचा केसन् केस मोजता येत होता.

मग अप्पा एकदम म्हणाले, "मधी धुरकट डाग हाय बघ. विभूती असंल ती, तुझ्या आईनं लावलेली. पूस की."

आता ही अव्वाची तऱ्हा. खंडेनवमीला आमच्या घरी यंत्रांची पूजा होते आणि अव्वा बोटांनी विभूतीचे तीन पट्टे ओढते, स्कूटरवर, मिक्सरवर, फ्रिजवर. जुन्या टीव्हीला चांगली रुंद लाकडी चौकट होती, तिच्यावर ओढायची. या टीव्हीची चौकट बोटभरसुद्धा नाही, मग ती सरळ काचेवरच ओढते. आणि ती पुसायची नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल, असा तिचा दंडक. बायकोनं एकदा दिवाळीच्या साफसफाईत पुसली तर अव्वा दोन दिवस गप्प होती. या वर्षीचे पट्टेही काचेवर वरच्या बाजूला होतेच. म्हटलं, एवढंच होतं तर सकाळी का नाही सांगितलं? मी ओलं फडकं आणलं. अव्वा आता काहीतरी बोलणार म्हणून तिच्याकडं बघितलं. ती बोलली नाही. तिनं लसणाचं ताट बाजूला ठेवलं आणि नुसती माझ्याकडं बघत राहिली.

मी पट्टे पुसले. गेले का, म्हणून विचारलं. अप्पा म्हणाले, "अजून हाय की."

मी फडकं पिळून आणलं आणि सगळी काच वरपासून खालपर्यंत पुसली, मग कोरड्या पंच्यानं पुसली. अप्पा म्हणाले, "मधोमध हाय बघ, त्या माणसाच्या तोंडावरच."

माझा तोल गेला. सकाळपासूनचं सगळं, भिंत, केबल, ती भटकणारी पाटी, गार भाकरी, सगळं त्या एका डागापाशी येऊन फुटलं. मी ओरडलो, "अप्पा, तिथं काही नाही! दोनदा पुसलंय मी! काच आरशासारखी झालीय, आता काय खरवडून काढू?"

बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. टीव्हीवर कुणीतरी बैलगाडी हाकत होतं आणि घुंगरांचा आवाज हॉलभर भरला होता. मी पंचा हातात घेऊन टीव्हीपाशी तसाच उभा होतो, तेव्हा पहिल्यांदा मी काचेकडं न बघता अप्पांकडं बघितलं. अप्पा टीव्हीकडं बघतच नव्हते. त्यांचं तोंड बाल्कनीच्या दाराकडं होतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पडदा धरायचा प्रयत्न करत होते. मान थोडी सरळ केली की कपाळाला आठी पडायची, की पुन्हा मान बाजूला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, त्यानंतर ते पेपर चाळायचे, गच्चीत फिरायचे, म्हणून डोळ्यांचा विषय आमच्यासाठी संपला होता.

मी पंचा पुन्हा काचेसमोर नेला आणि नुसता हवेत फिरवला. काचेला हातही लावला नाही.

"आता?" मी विचारलं.

"हां. गेला आता," अप्पा म्हणाले. "बस तू. सकाळपास्नं लई राबलास."

मला माझाच इतका राग आला की पंचा कुठं ठेवावा ते कळेना. टीव्हीला काही झालं नव्हतं. कॉम्प्युटरला नाही, केबलला नाही. अप्पांच्या नजरेला मधोमध भोक पडलं होतं, आणि जिकडं बघावं तिकडं ते भोक त्यांच्या आधी जाऊन बसत होतं. आणि मी त्यांना चित्राचा उजेड वाढवून देत होतो.

मी बसलो नाही. त्यांच्या खुर्चीच्या मागं जाऊन उभा राहिलो. उद्या सकाळी ऑफिसला सुट्टी टाकायची, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यायचं, हे मनात ठरवलं. सिनेमा चालूच होता. पंचायत बसली. आरडाओरडा झाला, जावई निर्दोष ठरला, आणि मग सगळे गप्प झाले. टीव्हीचा आवाजच बंद पडल्यासारखी शांतता. पडद्यावर सासऱ्याचं तोंड आलं, आमच्या दाराएवढं मोठं.

अव्वानं आपला पाट अप्पांच्या खुर्चीला लावून घेतला. अप्पा आणि अव्वा एकमेकांशी कानडीतच बोलतात, आणि आपापसातलं असलं की हळू बोलतात. अप्पांनी पुटपुटत विचारलं, "यार बंदरु?" कोण आलं?

अव्वा कानडीतच सांगायला लागली. तोच. सासरा. मान खाली हाय. आता वर बघतोय. ओठ हलले, पण बोलंना. डोळं भरलेत, पाणी खाली पडू देईना. ती ठेक्यात सांगत होती, कुठं थांबायचं ते तिला ठाऊक होतं, आणि अप्पा कुठं मान हलवणार तेही. हे आज सुरू झालेलं नव्हतं. आतल्या खोलीत दार लोटून ती दोघं कितीतरी दिवस सिनेमा बघत होती तो असा.

तोंड पडद्यावरून गेलं. अप्पांनी मान वळवून मी जिथं नव्हतो तिथं, बाल्कनीच्या बाजूला बघितलं आणि मला ऐकू जावं म्हणून मराठीत मोठ्यानं म्हणाले, "आता कसं स्वच्छ दिसतंय बघ."