देवाजी पेंटरचा हसरा वाघ

देवाजी पेंटरचं नाव वाचायला सोनहेटी गावात कोणाला चष्मा लागत नाही. पिठाच्या गिरणीवर ‘येथे दळण दळून मिळेल’ हे जेवढ्या अक्षरांत आहे, त्याच्या दुप्पट अक्षरांत खाली ‘देवा आर्ट’ आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे आधी देवा आर्ट दिसतं, मग शोधल्यावर गाडीचा नंबर सापडतो. शाळेची पाटी रंगवून झाली तेव्हा सरपंचानं विचारलं होतं, “देवाजीभाऊ, शाळा गावाची का तुमची?”

“शाळा गावाची, पन अक्षर तं माह्यं आहे नं!” देवाजीनं सांगितलं, आणि ब्रश धुवायला निघून गेला.

अपवाद फक्त एका चित्राचा. विहारातलं बाबासाहेबांचं मोठं चित्र देवाजीनंच काढलं आहे. कोटाचा निळा रंग मनासारखा जमेपर्यंत त्यानं घरातल्या कोणाला धड जेवू दिलं नव्हतं. त्या चित्राखाली मात्र सही नाही. “तिथी माह्यं नाव कायले पायजे?” असं तो म्हणतो, आणि हे सांगतानासुद्धा त्याची छाती थोडी पुढे येते. साठी उलटली तरी हा माणूस स्वतःवर भलताच खूश होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे पाहून इतरांनाही बरं वाटायचं.

त्याचा हा सगळा तोरा उतरवायला गावाला एकच शब्द पुरत असे: वाघ.

गोंडपिपरीकडून येणारा रस्ता सोनहेटीत संपतो, आणि गाव संपतं तिथे नळयोजनेचं पंपघर आहे. त्याच्या भिंतीला लागून जंगलाची वाट सुरू होते. देवाजी तरुण होता तेव्हा त्या भिंतीवर वाघ काढायचं काम त्याला मिळालं होतं. वर ‘सावधान! पुढे वाघाचा वावर आहे’ असं लिहायचं, आणि खाली असा वाघ काढायचा की पाहणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळावं. देवाजीनं वाघ काढला. हळदीसारखा पिवळा, पट्टे ठळक, शेपूट डौलदार, सगळं ठीक. पण तो वाघ हसत होता. गालातल्या गालात नव्हे, चांगले सगळे दात दाखवून, लग्नाच्या फोटोतल्या नवरदेवासारखा. ‘सावधान’ वाचून माणूस दचकायचा आणि खाली पाहून त्याला वाटायचं, आता हा चहा विचारतो की काय!

गावानं जे हसायला सुरुवात केली ती आजवर थांबलेली नाही. “देवाजीभाऊ, वाघानं आज दात घासले का?” हे मुखरू चहावाल्याचं रोजचं. लग्नात कोणी फोटोसाठी तोंड वाकडं केलं की म्हणायचं, देवाजीच्या वाघासारखा हास ना. हे सगळं देवाजीनं पचवलं असतं. पण मध्यंतरी ताडोब्याकडच्या एका नव्या रिसॉर्टच्या फाटकावर वाघ रंगवायचं मोठं काम त्याच्याकडे चालून आलं होतं. मालक काम पाहायला गावात आला, पंपघरापाशी गाडीतून उतरला, पोट धरून हसला आणि काम चंद्रपूरच्या दुसऱ्या पेंटरला देऊन मोकळा झाला. तेव्हापासून देवाजी पंपघराच्या बाजूला फिरकत नसे. तो वाघ असा का झाला, हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही.

यंदा मोहाची फुलं पडायला लागली त्या दिवसांत रंजीताचा फोन आला. रंजीता ही त्याची भाची, चंद्रपूरला एम.ए. करते.

“मामा, आमच्या इथी मेक्सिकोहून एक मॅडम आल्या आहेत, वर्षभरासाठी. भिंतीवरची चित्रं, दुकानाच्या पाट्या, असलं सगळं त्या अभ्यासतेत. तुमचं काम पाहाले येऊन राह्यलो आमी, उद्या.”

“माह्यं काम? परदेशातून?”

“हो नं मामा. आनि आयका, त्याईले मुख्य म्हंजे...”

मुख्य म्हणजे काय, हे ऐकायला देवाजी होता कुठे? त्यानं फोन खिशात टाकला आणि तो मुखरूच्या टपरीकडे सुटला. मुख्य म्हणजे बाबासाहेब, हे सांगायला भाची कशाला पाहिजे? घटकाभरात गावाला कळलं की देवा आर्टचं नाव समुद्रापलीकडे गेलं आहे.

“मंग वाघ बी पाहातीन त्या,” मुखरू म्हणाला.

देवाजीच्या हातातला कप तसाच राहिला. एवढ्या लांबून आलेली विदुषी विहारात बाबासाहेबांना पाहणार, मान डोलावणार, आणि मग कोणीतरी गावचा आगाऊ तिला पंपघरावर नेणार. ती त्या रिसॉर्टवाल्यासारखी पोट धरून हसणार. नको रे बापा!

त्या संध्याकाळी त्यानं बादलीत चुना कालवला आणि वाघ पुसला. शेपटीकडून सुरुवात केली, तोंड शेवटी ठेवलं. दात चुन्याखाली जाताना त्याला कसंनुसं झालं, पण त्यानं हात चालू ठेवला. सकाळी या पांढऱ्या भिंतीवर खरा वाघ काढू, कॅलेंडरवर असतो तसा, डरकाळी फोडणारा, असं त्यानं ठरवलं. मुखरू मागे उभा राहून पाहत होता.

“भाऊ, चुन्यात डिंक नाई टाकला का? बिना डिंकाचा तं धरत नाई म्हन्ता तुमी.”

“संपला डिंक,” देवाजी म्हणाला. “आनि तू आपला चहा पाह्य.”

सकाळी त्याची बायको, गिरजाबाई, अंधार फिटता फिटता टोपली घेऊन मोह वेचायला गेली आणि लगेच परत आली. टोपली रिकामी होती. देवाजीनं विचारलं, “काऊन, मोह नाई पडला का?” तिनं टोपली कोपऱ्यात आपटली आणि भांडी घासायला बसली. अशी भांडी घासत होती की भांड्यांचं काही खरं नव्हतं. देवाजीला वाटलं, पाहुणी येणार म्हणून चिडचिड होत असेल. तो कोळशाचा तुकडा घेऊन पंपघरावर गेला, नव्या वाघाचा सांगाडा भिंतीवर आखला आणि रंग आणायला घरी परतला, तर दारात गाडी उभी.

“जयभीम मामा!” रंजीता उतरली. तिच्यामागून एक उंच बाई उतरली, डोक्याला रुमाल, पायांत चपला, पाठीवर पिशवी. तिचं नाव मारिसोल. दिल्लीत राहून हिंदी शिकली होती, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती. तिनं हात जोडून जयभीम केला.

विहारात ती बाबासाहेबांच्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. कोटाचा निळा कसा केला, चष्म्याच्या काचेत पांढरी रेघ का ओढली, सही का नाही, सगळं विचारलं. देवाजीनं प्रत्येक उत्तर ऐसपैस दिलं. मग मंडळी मुखरूच्या टपरीवर बसली. मारिसोलनं भज्यांबरोबरची हिरवी मिरची हूं की चूं न करता खाल्ली, तेव्हा बाकावरची सगळी माणसं सरसावून बसली. तिच्या मुलखात मिरची याहून तिखट असते हे कळल्यावर तर ती परकी राहिलीच नाही. देवाजीला वाटलं, आजचा दिवस सोन्याचा उगवला.

तेवढ्यात तिनं मोबाइल काढून एक फोटो समोर धरला आणि विचारलं, “देवाजीभाऊ, ये कहाँ है?”

फोटोत वाघ होता. पिवळाधमक, सगळे दात दाखवणारा.

“हेच तं मी फोनवर सांगून राह्यली होती,” रंजीता म्हणाली. “मॅडमनं माह्या फोनमंधी हा वाघ पाह्यला आनि हट्टच धरला. त्याच्याचसाठी आल्या त्या.”

मुखरूनं तोंडात फडका कोंबला.

मारिसोल हौसेनं सांगू लागली. ती जगभरची धोक्याची चित्रं गोळा करत होती. विजेच्या खांबावरची कवटी, नदीकाठची मगर, फाटकावरचा कुत्रा. सगळीकडे चित्रकार माणसाला घाबरवतो. घाबरवायला सांगितलं असूनही ज्यानं घाबरवलं नाही, असा तिला हा एकच भेटला होता. असं का केलं, एवढंच तिला विचारायचं होतं. हे सगळं सांगताना ती एकदाही हसली नाही.

आता पंपघरावर गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मुखरूही टपरी सोडून मागोमाग आला. तिथे गेल्यावर पांढरी भिंत आणि तिच्यावरचा कोळशाचा सांगाडा पाहून मारिसोल शेजारच्या दगडावर मटकन बसली. रागावली नाही. देवाजीला तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ज्या वाघापायी तो इतकी वर्षं मान खाली घालून चालला, त्या वाघासाठी समुद्रापलीकडची बाई इथवर आली होती, आणि यानं कालच तो स्वतःच्या हातानं पुसला होता. हसावं की रडावं हेच त्याला कळेना.

“आता काढतो! आता! सेम टू सेम!” तो म्हणाला आणि दुसरं काही न सुचून कोळसा घेऊन भिंतीला भिडला. पण हात वळेना. एकदा वाघाला दाढदुखी झाल्यासारखं दिसलं, एकदा तो कोणावर तरी दात खाताना दिसला. पुसून पुन्हा काढला, तर मुखरूसारखा दिसायला लागला. घामानं देवाजीचा शर्ट पाठीला चिकटला.

“बाजूला व्हा.”

गिरजाबाई मागे उभी होती. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात भांडी घासायचा काथ्या.

“काऊन पुसला तुमी त्याले? मले विचारलं होतं का?”

“अवो, लोकं हासतेत...”

“लोकं हासतेत! वाघ कोनासाठी काढला होता, लोकाईसाठी का?” ती रंजीताकडे वळली. “सांग व बाई तुह्या मॅडमले. मी नवी नवरी होती. माहेर गोंडपिपरीचं, जंगल मले माहीत नाई. त्या साली बाजूच्या गावची बाई वाघानं नेली होती. आनि यायनं इथी हे एवढा जबडा काढून ठेवला! मी म्हटलं, असाच राह्यला तं मी मोह वेचाले जानार नाई. रोज याच्याच पुढून जा लागते मले. तं यायनं रॉकेल लावून जबडा पुसला आनि मले इथीच उभी करून ठेवली. मी हासली, तवा दात काढले.”

रंजीता मारिसोलला हिंदीत सांगत होती, पण मारिसोल रंजीताकडे नव्हे, गिरजाबाईच्या तोंडाकडे पाहत होती.

“तवापासून रोज सकाळी त्याले पाहून जंगलात जातो मी,” गिरजाबाई म्हणाली. “आज पांढरी भिंत पाह्यली आनि पाय नाई उचलला माह्या.”

देवाजीला वाटत होतं की ही ते केव्हाच विसरली असेल. इतक्या वर्षांत ती त्या वाघाबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. त्यानं तरी कुठे विचारलं होतं! आत कुठेतरी त्याला फार लागलं, आणि फार बरंही वाटलं.

गिरजाबाईनं काथ्या बुडवला आणि भिंतीवर मारला. चुना पाण्याबरोबर भराभर खाली उतरू लागला. आधी एक दात दिसला. मग दुसरा. मग जबड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे, पांढरेशुभ्र, आणि वर दोन गोल डोळे. वाघ चुन्यातून तोंड बाहेर काढून हसायला लागला, तशी आधी मारिसोल हसली, मग रंजीता, मग मुखरू. पण हे हसणं देवाजीला टोचलं नाही. मारिसोलनं पिशवी खाली ठेवली, डोक्याचा रुमाल सोडून ओढणीसारखा कमरेला बांधला आणि शेपटीकडून घासायला लागली.

सगळा वाघ निघाला. खालच्या कोपऱ्यावर तेवढा चुना राहिला होता. तिथे काय आहे, असं मारिसोलनं खुणेनं विचारलं.

“राहू द्या ते,” देवाजी घाईनं म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपल्या सहीबद्दल असं बोलत होता. “नाव नसलं तरी चालते.”

“कायले चालते?” गिरजाबाईनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि ती खाली बसून घासू लागली. ‘देवा’ निघालं, मग ‘आर्ट’ निघालं, ‘सावधान’च्या दुप्पट. घासता घासता ती फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “मुखरू म्हने का चुन्यात डिंक नाई टाकला तुमी. संपला म्हने. मी जंगलातून आनलेला डबाभर तं फळीवर आहे.”

देवाजी तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि त्यानं बादली तिच्याजवळ सरकवली.

“संपला नव्हता,” तो म्हणाला.

“माहीत आहे मले,” गिरजाबाई म्हणाली, आणि उरलेलं पाणी तिनं वाघाच्या तोंडावर मारलं.