ज्याचे त्याला विचारणाऱ्या वकीलबाई

सुमतीबाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वकिलीविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी कायद्यातला नव्हे. मी एका दैनिकाला कराडहून बातम्या धाडणारा वार्ताहर. तत्पूर्वी काही वर्षे पाठशाळेत घोकंपट्टी केलेला. त्यामुळे मला जे दिसले तेवढेच सांगतो. आमच्या ओळखीची सुरुवात झाली ती बाईंनी मला दारातूनच परत पाठवले तेव्हा.

या दशकाच्या आरंभीची, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. कराडपासून जवळच, कृष्णाकाठच्या एका गावी हवालदार शामराव राहत. लष्करातून पेन्शन घेऊन आले आणि वर्षभरात त्यांचे मन बिघडले. स्वतःच्या उभ्या उसात खंदक खणू लागले, वाटेने जाणाऱ्याला दगड घेऊन परवलीचा शब्द विचारू लागले. शेवटी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने त्यांना दूरच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. मागे बायको हौसाबाई, दोन लहान मुली, ऊस आणि एक बैलजोडी. थोरले बंधू बापूराव कारभार हाती घेऊ पाहत होते आणि हौसाबाई बाईंकडे आल्या होत्या. मला यात बातमी दिसली. मी बाईंच्या कचेरीत गेलो.

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "हवालदारांना विचारलंत?"

"ते वेड्यांच्या इस्पितळात आहेत," मी म्हणालो.

"मग? तिथे कान काढून घेतात का?"

इतके बोलून त्यांनी दाराकडे बोट केले. मी जिना उतरत असताना वरून आवाज आला, "उद्या सकाळच्या एसटीने जाणार आहे मी. यायचं तर या. तिकीट तुमचं तुम्ही काढा."

मी गेलो. बाईंची ही रीतच आहे. ज्याच्याविषयी अर्ज करायचा त्याला समक्ष भेटल्याशिवाय त्या कागदाला हात लावीत नाहीत. कराडच्या वकिलांच्या बारमध्ये यावर पुष्कळ विनोद होतात. त्यांतले काही मीच केलेले आहेत.

इस्पितळात बाईंनी बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला. शामरावांनी तो बाजूला सारला. म्हणाले, "बाई, तंबाखू आनलीया का?"

बाई तंबाखूच्या जन्माच्या वैरी. कचेरीत पक्षकाराने नुसता बटवा काढला तरी त्याला जिन्यात उभे करतात. त्या बाई उठल्या, फाटकाबाहेरच्या टपरीवर गेल्या आणि पुडी घेऊन आल्या. तिथला पहारेकरी कुरकुरू लागला. बाई त्याला म्हणाल्या, "पेन्शन त्यांची आहे, ऊस त्यांचा आहे. मग तंबाखूही त्यांची. डॉक्टरांची हरकत असेल तर डॉक्टरांना बोलवा, मी त्यांच्याशी बोलते." डॉक्टर आले, हसले, हरकत नाही म्हणाले. त्यानंतर शामरावांच्या उत्पन्नातून त्यांच्या हातखर्चाला दरमहा काही पाठवायचे, हे बाईंनी कोर्टाकडून मंजूरच करून घेतले.

तंबाखू मळता मळता शामराव बोलू लागले. जमिनीचे नाव त्यांनी काढले नाही, भावाचेही नाही. एवढेच म्हणाले, "बैलं इकू नगा. बेंदराला शिंगं मी रंगिवनार."

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा. बाईंनी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले.

इकडे गावात काय झाले होते ते सांगायला हवे. बापूराव माणूस दुष्ट नव्हे. त्यांची फक्त खात्री झाली होती की धाकटा आता येत नाही. त्या खात्रीच्या जोरावर त्यांनी सातबाऱ्यावर शामरावांना सरळ अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, म्हणून लावून घेतले होते आणि स्वतः पालनकर्ते झाले होते. मिशा पिकू लागलेला, लढाई पाहिलेला हवालदार सरकारदरबारी पाळण्यात निजवला गेला. पुढचा बेतही ठरला होता: बैल विकायचे, दोघांची जमीन एका बांधात घ्यायची, हौसाबाईंनी मुलींना घेऊन माहेरी जायचे. कोणी उपाशी मरणार नव्हते. मात्र शामराव बरे झाले असते तर त्यांना परत यायला जागा उरली नसती. बाई भांडत होत्या त्या याच जागेसाठी.

साताऱ्याला जिल्हा कोर्टात अर्ज पडला. तारखेला जाताना एसटीत मी माझे पांडित्य उघडले. जुन्या स्मृतिकारांनी उन्मत्ताला, म्हणजे वेड्याला, वाटा नाकारला, पोटापुरते अन्न मात्र द्यायला सांगितले, हे मी मोठ्या ऐटीत ऐकवले. बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तो कायदा बदलून बरीच वर्षं झाली. तुमच्या पाठशाळेला कोणी कळवलं नाही वाटतं." उंब्रज ते सातारा मी मौन पाळले. ते बाईंना फार आवडलेले दिसले.

कोर्टाने चौकशी करून हौसाबाईंना मिळकतीचे मॅनेजर नेमले. कोर्टाच्या परवानगीशिवाय काही विकायचे नाही आणि दरसाल हिशेब द्यायचा, ही अट. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात, शेंगा सोलत, बाईंनी हौसाबाईंना जे सांगितले ते मला कोणत्याही सूत्रग्रंथापेक्षा आटोपशीर वाटले. "हौसाबाई, तुम्ही मालक नाही, राखणदार. मालक उद्या सकाळी दारात उभा राहील, असं धरून चालायचं."

"आन् न्हाई आलं तर?"

"तर परवा येतील."

हौसाबाई घाबरून इतक्या राखणदार झाल्या की फाटके लुगडे नेसून हिंडू लागल्या. बाईंच्या ते ध्यानात आले. "नवं घ्या. नवऱ्याच्या उत्पन्नातून बायकामुलांचा खर्च हा हक्क आहे, चोरी नव्हे," असे दटावून त्या स्वतः त्यांना कापडाच्या दुकानात घेऊन गेल्या. रंग मात्र बाईंनी निवडला. हौसाबाईंना तो अजून आवडलेला नाही. त्या अजून तेच नेसतात.

मग बापूरावांनी भाऊ या नात्याने कोर्टाकडे बैल विकण्याची परवानगी मागितली. "आवं सायेब, इंजान आलंया, मोट ग्येली. बैल काय हवालदाराची वाट बगत हुबं ऱ्हानार हाईत व्हय? वैरण कोन घालनार?"

बाईंनी शामरावांचे वाक्य वाचून दाखवले. न्यायाधीश म्हणाले, "ही रुग्णाची इच्छा झाली. तिला किती वजन द्यायचं?"

"मालकाची इच्छा आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "माणूस आजारी पडला म्हणून रुग्ण झाला. मालक तो आधीपासून होता."

नुसत्या वाक्यांवर खटले जिंकता येत नाहीत हे बाईंना पक्के ठाऊक. हंगामात बैल भाड्याने औताला द्यायचे आणि त्यांनी आपली वैरण आपण कमवायची, अशी तजवीज त्या गावातल्या दोघा शेतकऱ्यांशी बोलून, ठरवूनच आल्या होत्या. बैल राहिले.

बेंदूर आला. गावचे बैल रंगले, झुली ल्याले, मिरवले. शामरावांची जोडी पांढऱ्या शिंगांनी गोठ्यात. हौसाबाई पुरणपोळी चारीत, पण रंगाला हात लावू देत नसत. आळीतल्या बायका म्हणत, "अगं, येडी झाली का काय ही बी!" पुढच्या बेंदरालाही तेच. बाई वर्षातून दोनतीनदा इस्पितळात जात, डॉक्टरांच्या मागे लागत आणि शामरावांना बैलांची खबर देत. बाईंना बैलातले काही कळत नाही. 'दोघेही मजेत आहेत' एवढेच त्या सांगत.

दुष्काळात ती वैरण कशी पुरवली ते हौसाबाईंनाच ठाऊक. त्यानंतरच्या उसाच्या हंगामात शामराव बरे होऊन घरी आले. इथे पुष्कळांचे काम संपते. बाईंचे संपले नाही. माणूस बरा झाला तरी कागदावर तो वेडाच राहतो. शामराव कारखान्यात उसाच्या पैशाला गेले, तर त्यांना सांगण्यात आले, "तुमचा मॅनेजर आणा." शामराव परतले आणि बांधावर बसून राहिले. हौसाबाई धावत कराडला आल्या. "आवं बाई, त्येंचं डोळं पुन्यांदा तसंच दिसाया लागल्यात."

बाई दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला. शामराव आता शहाणे आहेत, त्यांचा कारभार त्यांना परत द्यावा, असा अर्ज. डॉक्टरांची साक्ष झाली. मग बापूराव उभे राहिले. "आज बरा हाय, सायेब. उद्याचं कोन सांगावं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "उद्याचं तुमचंही कोण सांगणार, बापूराव?"

कोर्ट हसले. बापूराव क्षणभर ओशाळले, मग स्वतःच हसले. "त्ये बी खरंच म्हना."

कारभार परत मिळाला. त्या बेंदराला बाईंना आणि मला आमंत्रण होते. शामराव हिंगुळाच्या लाल रंगाचे भांडे घेऊन बसले होते. बैलाची वेसण धरायला माणूस लागतो; बापूराव कोपऱ्यात उभे होते.

"दादा, धर की. लाथ मारंल."

"धरलंया गड्या. रंगीव तू."

बाईंनीही हौसेने ब्रश मागून घेतला. शिंगाला लागला त्याहून अधिक रंग त्यांच्या पांढऱ्या साडीला लागला. त्या डागाची साडी नेसून त्या आजही बिनदिक्कत कोर्टात उभ्या राहतात.

आता प्रथेप्रमाणे शुभचिंतन. 'शतायुषी भव' हा आशीर्वाद माझ्या जिभेवर तयार होता. मग आठवले की बाई पहिला प्रश्न कोणता विचारतील. म्हणून मी जिना चढून गेलो आणि विचारले, "बाई, किती वर्षं जगायचा विचार आहे?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "माझे दोघंजण अजून इस्पितळात आहेत. ते घरी येईपर्यंत."

मी पेचात पडलो. ते दोघे लवकर बरे होवोत म्हणावे तर बाईंचे आयुष्य तोडल्यासारखे होते, आणि उशिरा होवोत असे तर बाईंच्या समोर म्हणण्याची छाती नाही. तेव्हा मागणे एवढेच: ते दोघे येत्या बेंदराला आपापल्या दारात उभे राहोत, आणि बाईंनी आपला शब्द मोडून त्यानंतरही ठणठणीत प्रकृतीने पुष्कळ वर्षे जगावे. शब्द मोडण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असेल. आम्ही चालवून घेऊ.